भाऊ वाचला, मग ती नदीत उतरलीच का?

तुमचा प्रश्न दोनदा वाचला. पहिल्यांदा वाटलं हा नेहमीचाच आहे, दुसऱ्यांदा लक्षात आलं की तुम्ही विचारताय एक आणि अडकलाय भलतीकडेच. बाकीच्यांसाठी आधी थोडक्यात सांगते. फँटसी कादंबरी आहे, ४० हजार शब्द झालेत. एक नदी वर्षातून एका रात्री उलटी वाहते, त्या रात्री जो पाण्यात उतरेल तो मागच्या काळात जातो आणि पहाटे नदी सुलटी झाली की परत येतो. नायिका २४ वर्षांची. तिचा धाकटा भाऊ १० वर्षांपूर्वी पुलावरून पडून गेला, तेव्हा तो ९ वर्षांचा होता. ती मागे जाते, त्या दिवशी त्याला पुलावर जाऊ देत नाही, परत येते, भाऊ जिवंत. तुमच्या मित्राने वाचून एवढंच विचारलं की भाऊ मेलाच नाही तर ही नदीत उतरलीच कशाला, आणि तेव्हापासून ४ महिने तुमचं लिखाण बंद आहे. आता तुम्ही विचारताय, मल्टीव्हर्स, म्हणजे एकाच वेळी असणारी अनेक जगं, घालू का, की सरळ 'जादूमुळे झालं' म्हणून मोकळा होऊ.

मी फँटसीचं संपादन करते, स्वतःही लिहिते, आणि कालप्रवासाची हस्तलिखितं माझ्याकडे आली की मी आधी शेवटची ३ प्रकरणं वाचते, कारण घोळ तिथेच असतो. माझा अनुभव असा की वाचक पॅराडॉक्स, म्हणजे तर्काचा असला पेच, माफ करतो. अगदी खुशाल करतो. नदी उलटी वाहते हे ज्याने पहिल्या पानावर मान्य केलं तो तर्कासाठी हटून बसेल असं नाही. तो हटून बसतो ते दुसऱ्याच गोष्टीवर: जे झालं ते पुसता येतं, तर मी आतापर्यंत २०० पानं ज्याच्यासाठी हळहळलो ते काय होतं? तुमच्या मित्राने विचारलेला प्रश्न वरून तर्काचा दिसतो, पण पोटात हा दुसरा प्रश्न आहे. आणि त्याचं उत्तर मल्टीव्हर्सने मिळत नाही.

म्हणून मी कुणालाही 'तुझा टाइम ट्रॅव्हलचा नियम काय' हे आधी विचारत नाही. मी विचारते, परत आल्यावर कोणाला काय आठवतं? बस. नायिकेला जुनं आठवतं का, आईला आठवतं का, भावाला काही जाणवतं का, नदीला आठवतं का. हे ठरलं की बाकीचा नियम आपोआप बसतो, आणि हे नाही ठरलं तर कितीही आकृत्या काढा, प्रकरण २५ला गाडी रुतते.

आता काही गोष्टी तुमच्यावरच अवलंबून आहेत, त्या मी इथून सांगू शकत नाही. प्रवास पुस्तकात कुठे येतो, मध्यावर की शेवटी? शेवटी असेल तर परिणाम दाखवायला जागाच उरत नाही आणि मग नियम कितीही चांगला असला तरी फुकट. निवेदन 'मी'मध्ये आहे की 'ती'मध्ये? 'मी'मध्ये असेल तर जी स्मृती पुसली गेली ती सांगतंय कोण हा वेगळाच गुंता होतो. एकच पुस्तक आहे की मालिका? मालिकेत नदी पुन्हा वापरायचा मोह होणारच. हे धरून पुढचं वाचा.

पॅराडॉक्सबद्दल थोडं, फार नाही, कारण याची माहिती कुठेही मिळते. मागे जाऊन आजोबांनाच मारलं तर आपण जन्मलो कसे आणि मारायला गेलो कसे, हा जो प्रसिद्ध पेच आहे त्याचं एक जुनं रूप रेने बार्जावेल या फ्रेंच लेखकाच्या १९४४च्या कादंबरीत आहे. त्यातला प्रवासी नेपोलियनला मारायला जातो आणि मध्ये आलेल्या स्वतःच्या पूर्वजालाच मारून बसतो. मला यातली आवडणारी गोष्ट तर्क नाही, तर हे की तो पूर्वजाला मारायला गेलेलाच नव्हता. आजोबांना मारायला कोण जातंय हो? माणूस मागे जातो तो कुणाला तरी वाचवायला किंवा काहीतरी निस्तरायला, आणि पेच पायात येतो तो वाटेत. तुमची नायिका भावाला वाचवायला गेली म्हणजे ती आजोबा-पेचाचीच सौम्य बहीण आहे: कृती यशस्वी झाली की कृतीचं कारणच नाहीसं होतं.

यावर तत्त्वज्ञ आणि भौतिकशास्त्रवाले बरंच बोललेत. डेव्हिड लुइस या तत्त्वज्ञाने १९७६मध्ये मांडलं की असा प्रवासी मारायला गेला तरी मारू शकणार नाही, आणि त्यासाठी कुठली दैवी शक्ती लागत नाही, नेम चुकेल, ऐनवेळी धीर सुटेल, असलं काहीतरी साधंच होईल. १९८०च्या दशकात ईगॉर नोव्हिकोव या रशियन शास्त्रज्ञाने भौतिकशास्त्राच्या बाजूने जवळपास हेच म्हटलं, की काळात मागे जाता आलं तरी घटना एकमेकींशी सुसंगतच राहतील. ह्यू एव्हरेटची १९५७ची अनेक-जगांची कल्पना तुम्हाला माहीत असेलच, मल्टीव्हर्स म्हणून हल्ली जे चालतं ते तिच्याच नावाने खपवतात, पण मूळ मांडणीत एका जगातून दुसऱ्यात उडी मारायची सोय नाहीये, ती सोय लेखकांनी करून घेतली.

पण तुम्ही विज्ञानकथा लिहीत नाही आहात, आणि हा मुद्दा लोक विसरतात. विज्ञानकथेत काळाला हेतू नसतो. फँटसीत असू शकतो. तुमची नदी चिडू शकते, हिशोब ठेवू शकते, लाच घेऊ शकते. नोव्हिकोवचा नियम कुणावर दात धरत नाही, नदी धरते. एवढं मोठं हत्यार हातात असताना मल्टीव्हर्स कशाला उसनं आणायचं, मला खरंच कळत नाही.

आता तीन वाटा. पहिली, काळ पक्का आहे, काहीच बदलत नाही. म्हणजे नायिका मागे गेली ती आधीपासूनच गेलेली होती. याचं आपल्याकडचं सगळ्यात ओळखीचं उदाहरण टाइम ट्रॅव्हलचं नाहीच, कंसाची आकाशवाणी आहे. देवकीचा आठवा मुलगा तुला मारणार ही भविष्यातून मागे आलेली माहिती आहे, माणूस नाही आला, बातमी आली. आणि ती टाळायला कंस जे जे करतो, बहिणीला बंदीत टाकणं, मुलं मारणं, त्यातूनच त्याचा शत्रू तयार होतो. म्हणून मी लेखकांना सांगते की तुमच्या गोष्टीत भविष्यवाणी असेल तर तुम्ही कालप्रवासच लिहिताय, तेच नियम तुम्हालाही लागू. भविष्यवाणी खरी ठरणार, फक्त ऐकणाऱ्याने तिचा अर्थ चुकीचा लावला, ही पक्क्या काळाची सगळी गंमत.

हॅरी पॉटरच्या तिसऱ्या पुस्तकात, १९९९च्या, हीच वाट आहे आणि ती का चालते ते बघा. पहिल्या वेळी आपण कुऱ्हाडीचा आवाज ऐकतो आणि समजतो की प्राणी मेला. दुसऱ्या वेळी कळतं की कुऱ्हाड पडली, पण प्राण्यावर नाही. घटना एकच, तसूभर बदललेली नाही, बदललं ते आपलं समजणं. तुम्हाला ही वाट घ्यायची असेल तर पहिल्या प्रकरणातच भावाचं मरण असं लिहा की ते कुणी नीट पाहिलेलं नाही. पुलावरून काहीतरी पडलं, चप्पल मिळाली, मुलगा मिळाला नाही. मग नायिका मागे जाते, त्याला उचलून आणते, आणि कळतं की प्रेत मिळालं नव्हतं कारण तोच दिवस होता जेव्हा मोठी झालेली बहीण त्याला घेऊन गेली. मित्राचा प्रश्नच संपला. पण किंमत बघा काय आहे: आईची १० वर्षं रडण्यात गेली ती गेलीच, आणि ती मुलीने घालवली. शिवाय भाऊ ९ वर्षांचाच परत येतो. १० वर्षांनी, ९ वर्षांचा. माझ्या मते ही किंमत पुस्तकाला फायद्याचीच आहे, पण तुमच्या गोष्टीत भाऊ १९चा होऊन दारात उभा आहे आणि तुम्हाला तो प्रसंग फार प्रिय दिसतोय, तेव्हा जबरदस्ती नाही.

त्याच मालिकेतून एक इशाराही घ्या. त्यातलं काळात मागे नेणारं यंत्र एकदा दाखवल्यावर वाचक विचारत राहिले की मग बाकी वेळी का नाही वापरत, आणि २००३च्या पाचव्या पुस्तकात जादूच्या मंत्रालयातला त्या यंत्रांचा सगळा साठा एका मारामारीत फुटून जातो. तुमची नदी फोडता येणार नाही. त्यामुळे तिच्यावर मर्यादा आत्ताच घाला, त्याबद्दल पुढे सांगते.

दुसरी वाट, काळ बदलतो. तुम्ही सध्या याच वाटेवर आहात, आणि मला विचाराल तर सगळ्यात जास्त माल इथे आहे, पण तुम्ही तो उचललेलाच नाही. तुम्ही दिलेला परतीचा प्रसंग असा आहे: ती ओली घरी येते, भाऊ दार उघडतो, ती त्याला मिठी मारते, प्रकरण संपतं. मी त्या दारातच थांबते. दाराशी त्याच्या चपला असतील. तिच्या डोक्यात त्याच्या चपला लहान आहेत, हाताच्या पंजाएवढ्या, त्यातली एक तर तिने १० वर्षं पेटीत जपून ठेवली होती. आता दाराशी आहेत त्या तिच्या पायापेक्षा मोठ्या. तिला आधी वाटतं घरात कुणी परका माणूस आलाय. आणि तिचं वाटणं बरोबर आहे! तो परकाच आहे. हा १९ वर्षांचा मुलगा तिने कधी पाहिलेला नाही, त्याचा आवाज फुटलेला ऐकला नाही, तो कशाला हसतो, कुणाशी भांडतो, तिला काही माहीत नाही. तो म्हणतो, ताई, मागच्या वर्षी आपण त्या टेकडीवर हरवलो होतो तेव्हाही तू अशीच भिजली होतीस. ती कुठल्याच टेकडीवर हरवलेली नाही.

मग कोण हरवली होती?

हा प्रश्न तुमच्या मित्राच्या प्रश्नापेक्षा कितीतरी भयंकर आहे. भाऊ वाचला त्या दिवसापासून त्याच्यासोबत एक बहीण मोठी झाली. १४ची २४ झाली, टेकडीवर हरवली, भांडली, तिला तिची माणसं असतील, तिची गुपितं असतील. पहाटे नदीतून तुमची नायिका बाहेर आली तेव्हा ती दुसरी कुठे गेली? तुम्ही तिच्याबद्दल एक ओळ लिहिलेली नाही, म्हणजे तुमच्या नकळत नायिकेने तिला पुसलंय. एका भावाच्या बदल्यात एक बहीण गेली आणि ती बहीण ती स्वतःच होती, आणि घरात कुणालाही कळलेलं नाही की सुतक कुणाचं आहे. हे वाचून माझ्या अंगावर काटा आला, आणि हे तुमच्याच प्लॉटमध्ये पडलेलं आहे, मी बाहेरून काही आणलं नाही.

म्हणून 'कोणाला आठवतं' हे मी म्हणत होते. बदलत्या काळात कुणीतरी एकजण जुनं आठवणारा लागतोच, नाहीतर वाचकाला बदल झाला हे दाखवणार कोण, आणि जो आठवतो तो एकटा पडतो. त्याच्या दुःखाला साक्षीदार नसतो. आईला सांगायला गेली की तू १० वर्षं रडलीस, तर आई म्हणेल स्वप्न पडलं असेल, झोप. साक्षीदार नाही तर निदान पुरावा तरी ठेवा. नारळीकरांच्या गंगाधरपंतांच्या पानिपताच्या कथेत, ती कालप्रवासाची नाही, वेगळ्याच इतिहासात जाऊन येण्याची आहे, पण तिथे प्राध्यापकांच्या खिशात राहिलेलं बखरीचं एक फाटकं पान सगळा भार उचलतं. ते पान नसतं तर उरला असता फक्त एक गोंधळलेला म्हातारा. तुमच्याकडे ती पेटीतली लहान चप्पल आहे. नदीत उतरताना ती तिच्या कमरेला बांधलेली असू द्या.

तिसरी वाट फाट्यांची, म्हणजे तुमचा मल्टीव्हर्स. मी विरोधात आहे असं नाही, पण लोक ती पळवाट म्हणून घेतात. फाटा फुटला म्हणजे जुनं जग जिथल्या तिथे आहे. तिथे भाऊ मेलेलाच आहे, आणि आता आईची मुलगीसुद्धा एका रात्री नदीवर गेली ती परत आली नाही. नायिकेने कुणालाही वाचवलेलं नाही, ती फक्त जिथे मुलगा जिवंत आहे अशा दुसऱ्या घरात राहायला गेली. हे लिहायची तयारी असेल तर घ्या फाटा, छान कादंबरी होईल. फक्त मित्राचं तोंड बंद करायला घेणार असाल तर नको, कारण पुढचा वाचक त्या मागे राहिलेल्या आईबद्दल विचारेल.

एक चौथी गोष्ट जाता जाता, कारण तुमच्या प्रकरण ८मध्ये ती आहे आणि तुम्हाला बहुतेक दिसलेली नाही. नायिकेला नदीचा मंत्र आजी शिकवते, आणि आजीला तो एका अनोळखी बाईने शिकवला होता, जी बहुतेक नायिकाच आहे. सुंदर कल्पना. पण मग मंत्र रचला कोणी? हा लूप झाला, कारणाशिवाय फिरत राहणारा. मंत्र, गाणं, निरोप यांचा लूप चालून जातो कारण शब्द झिजत नाहीत. वस्तूचा लूप चालत नाही. हे मी पोळून शिकलेय. माझ्या एका कादंबरीत एक लॉकेट होतं, नातीने मागे जाऊन आजीला दिलेलं आणि आजीकडून पुन्हा नातीला आलेलं, मला वाटलं काय भारी. एका वाचक मुलीने पत्र पाठवलं, वय वर्षं १३ असेल, की प्रकरण ३मध्ये लॉकेटला ओरखडा पडला, मग ते मागे गेलं आणि पुन्हा फिरून प्रकरण ३मध्ये आलं तेव्हा ओरखडा आधीच असायला हवा, आणि पुढच्या फेरीला दोन, असं करत आतापर्यंत लॉकेटचा चुरा व्हायला हवा होता. काय बोलणार! पुढच्या आवृत्तीत मी लॉकेट काढलं आणि अंगाईगीत घातलं. तुमचा मंत्र आहे, वस्तू नाही, त्यामुळे वाचलात. रचला कोणी याला फँटसीत सरळ उत्तर देता येतं: नदीने. नदीला कुणीतरी यायला हवं होतं. त्यातून नदीचा हेतू सूचित होतो, आणि पुढे तो कामाला येतो.

आणि हो, हे सगळे पेच फक्त मागे जाताना. पुढे जाण्यात पॅराडॉक्स अजिबात नाही, तिथे फक्त एकटेपणा आहे. पुराणातला राजा ककुद्मी मुलीसाठी स्थळ विचारायला रेवतीला घेऊन ब्रह्मदेवाकडे जातो, तिथे गायन चालू असतं म्हणून जरा थांबतो, आणि तेवढ्यात पृथ्वीवर २७ चतुर्युगं उलटतात. मनात धरलेली सगळी स्थळं मेलेली, त्यांची नातवंडं-पतवंडंही. मग ब्रह्मदेव बलरामाचं नाव सुचवतो. विष्णुपुराणात तर पुढे असंही आहे की रेवती जुन्या युगातली म्हणून फार उंच होती आणि बलरामाने नांगराने तिची उंची कमी केली. मला हा तपशील अतिशय आवडतो. काळ ओलांडून आलेल्या माणसाचं मापच बसत नाही, हे एका वाक्यात सांगून टाकलंय, आणि तुमच्या चपलांचं मी वर जे म्हटलं ते त्याच जातीचं आहे.

आता कामाचं. मी एक वही करते, दोन रकाने. एकात जगाचा काळ, एकात पात्राचा स्वतःचा काळ. हा भेद लुइसनेच नीट मांडलाय, पण तो वाचायची गरज नाही, वही पुरे. जगाच्या रकान्यात: १० वर्षांपूर्वी सकाळी मुलगा पुलाकडे निघतो, अमुक वाजता कुणीतरी अडवतं. नायिकेच्या रकान्यात: वय २४, रात्री उतरली, १० वर्षांपूर्वीच्या सकाळी बाहेर आली, दिवसभर तिथे, वय २४ अधिक एक दिवस, परत. मग प्रत्येक महत्त्वाच्या पात्रासाठी तिसरा रकाना काढते: याला काय माहीत आहे आणि कधीपासून. बहुतेक भोकं या तिसऱ्या रकान्यात सापडतात. तुमच्यात मला एक सापडलं. १४ वर्षांच्या धाकट्या नायिकेने त्या सकाळी भावाला अडवणारी बाई बघितली, प्रकरण १९मध्ये तुम्ही स्वतः लिहिलंय की ती खिडकीत उभी होती. म्हणजे बदललेल्या काळातली २४ वर्षांची बहीण ती बाई आठवत असणार. आरशात बघून तिला कधीतरी शंका आली असणार.

झालं की! तुमच्या मित्राच्या प्रश्नाचं उत्तर तिथेच आहे. ती दुसरी बहीण, जिचा भाऊ जिवंत आहे, ती का उतरली? कारण तिने त्या बाईला ओळखलं. तिला कळलं की एक दिवस आपल्याला जावं लागणार, नाहीतर सकाळी पुलावर कुणीच नसेल. दुःखाने नाही, कर्ज म्हणून उतरली. पहिली बहीण दुःखाने उतरते, दुसरी भीतीने आणि जाणिवेने उतरते, आणि दोघींची कृती एकच असल्यामुळे जग बंद होतं, कुठेही फट राहत नाही. कुणी काटेकोर वाचक म्हणेल की मग पहिली फेरी कुठून आली. तिथे नदीला बोलू द्या. तिला आठवतं. पहिली फेरी नदीच्या हिशोबात आहे, माणसांच्या नाही. हे फँटसीत चालतं, पण एका अटीवर: नदी लक्षात ठेवते ही गोष्ट वाचकाला आधी माहीत हवी. पहिल्या ५० पानांत, दुसऱ्याच कुठल्या लहानशा प्रसंगात. कुणी कोळी म्हणतो की नदीत बुडालेलं नाव नदी विसरत नाही, एवढंही पुरे. शेवटच्या प्रकरणात आलेला नियम वाचकाला फसवणूक वाटतो आणि तोच नियम तिसऱ्या प्रकरणात आला असेल तर तो म्हणतो, अरे, सांगितलं होतं की.

मर्यादेचं राहिलं. वर्षातून एक रात्र पुरेशी नाही, कारण वर्ष उलटलं की गावातलं कुणीही आपापलं मेलेलं माणूस आणायला जाईल, आणि तुमच्या गावात बाकी कुणी का गेलं नाही याचं उत्तर मला मिळालं नाही. मर्यादा वरून चिकटवू नका, जसं की 'एका जन्मात एकदाच', असे नियम सरकारी वाटतात. मर्यादा नदीच्या स्वभावातून यावी. नदी काहीतरी घेते असं असेल तर काय घेते ते ठरवा, आणि ते आठवणीशी जोडा, कारण तुमचा सगळा खेळ तिथेच चालू आहे. समजा जो उतरतो त्याला बाकीचे विसरतात, थोडे थोडे, मग लोक का जात नाहीत हे सांगावंही लागणार नाही. गावात एक माणूस असेल जो रोज बाजारात येतो आणि कुणालाच त्याचं नाव आठवत नाही. दोन ओळींत दाखवून पुढे जा. वाचकाला प्रकरण २०पर्यंत तो कळणार नाही, नंतर कळेल.

थोडक्यात कामं एवढीच: आठवणींचा रकाना भरा, नदीची आठवण पहिल्या ५० पानांत पेरा, प्रकरण १९ची खिडकी अजिबात काढू नका, मल्टीव्हर्स विसरा. ४० हजारांतले फार तर ५-६ हजार शब्द बदलतील असं वाटतं, पूर्ण हस्तलिखित बघितलं नाही म्हणून खात्री देत नाही. प्रकरण १पासून परत सुरू करू नका, ४ महिन्यांनी परत बसणारे सगळे तीच चूक करतात आणि पहिलं प्रकरण सातव्यांदा लिहून पुन्हा थांबतात. दारातला प्रसंग आधी लिहा. मिठी काढून टाका, किंवा निदान पुढे ढकला. ती ओली उभी आहे, कमरेला लहान चप्पल बांधलेली आहे, दाराशी मोठ्या चपला आहेत, आणि आतून कुणीतरी विचारतंय, कोण आहे?